मोटारहोडीचें सुकाणूं कां अडतें ?

साध्या होडीस चालविणारें वल्हें निराळें व वळविणारें सुकाणूं निराळें असतें. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेली मोटार, हीं दोन्ही कामें एकटीच करते. ती डावीउजवीकडे फिरते, आणि तिचा पंखा पाणी ज्या बाजूस लोटतो त्याच्या उलट बाजूस होडीचा मागील भाग सरकतो. अमेरिकेंत ओले एव्हिनरूड यानें १९०९ सालीं अशी मोटार तयार केली. हल्लीं ती कोंकणच्या खाड्यांतही दिसते. तिचें सुकाणूं जड झाल्यास काय करावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

सुकाणूंचें चक्र जड लागतांच पुष्कळ जण जोर करतात. हें धोक्याचें आहे. कारण भर पाण्यांत केबल तुटल्यास होडी अनावर होऊन आंतील माणसांच्या जिवावर बेततें. प्रथम दोष कोठें आहे तें शोधावें. होडी कांठास बांधून मोटार बंद करावी, केबल व मोटार यांस जोडणारा दांडा सोडवावा आणि मोटार हातानें फिरवून पाहावी. ती सहज फिरली, तर दोष केबलमध्यें किंवा तिचें टोंक ज्या नळींतून सरकतें त्या नळींत असतो. ती तेव्हांही अडली, तर मोटार ज्या उभ्या खुंटावर फिरते तेथें दोष आहे.

दोहोंचें मूळ बहुधा एकच : खारें पाणी आणि सुकून घट्ट झालेलें ग्रीस. नळी आंतून घासून स्वच्छ करावी, व नळींत आणि खुंटांत नवें ग्रीस भरावें. नळींत ग्रीस भरतांना केबलचा दांडा पूर्ण आंत ओढलेला असावा. नाहीं तर ग्रीसच कोंडून सुकाणूं अडतें. केबलचें आवरण फाटून आंतील तार गंजली असेल, तर केबल बदलण्यावांचून उपाय नाहीं.

तेलाच्या दाबानें चालणाऱ्या सुकाणूंत चक्र मऊ व पोकळ लागलें, तर आंत हवा शिरली असें समजावें. गळती बंद करावी, आणि कारखान्यानें नेमून दिलेलेंच तेल भरीत हवा बाहेर काढावी.

होडी सतत एकाच बाजूस ओढत असेल, तर पुष्कळ मोटारींस पंख्याच्या वर एक लहान पातें असतें तें पाहावें. होडी उजवीकडे ओढत असल्यास, मागून पाहतां, त्याची मागील कड किंचित् उजवीकडे वळवावी. डावीकडे ओढत असल्यास डावीकडे. मग पाण्याचा दाबच ती ओढ सांवरून धरतो.

शेवटीं, सोडविलेला दांडा जोडतांना नायलॉनचें कडें असलेले नट नवेच लावावे, आणि कांठ सोडण्यापूर्वीं चक्र दोन्ही बाजूंस अखेरपर्यंत फिरवून पाहावें.