पवनारची पांढरी खोदू नका

गाव म्हटले की दोन माती आल्या. काळीत पीक, पांढरीत वस्ती. नागपूरहून वर्ध्याला येताना धाम नदीच्या काठी उंचवट्यावर बसलेले पवनार दिसते. तो उंचवटा नुसता निसर्गाने केलेला नाही. घरे बांधली, पडली, त्यावर पुन्हा बांधली, अशी शेकडो वर्षांची ती पांढरी आहे.

गाव इथेच का वसले? बंडीवाल्याला विचारा. पावसाळ्यात काळ्या जमिनीत बंडी आखापर्यंत फसते. धामचे पात्र इथे खडकाळ आहे, पूर ओसरला की बैल पाय टाकू शकतात. जिथे उतार तिथे मुक्काम, अन् मुक्काम तिथे बाजार.

1967 साली नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीत येथे उत्खनन केले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे डॉ. वा. वि. मिराशींचे मत होते. पुढे रामटेकजवळ मनसरला उत्खनन झाले आणि बरेच अभ्यासक प्रवरपूर तिकडे मानू लागले. तो वाद विद्वानांचा. विनोबाजी 1938 साली धामकाठी राहायला आले, तेव्हा आश्रमाची जमीन खणताना भरत-रामभेटीचे शिल्प निघाले. मोठी वस्ती होती, एवढे त्यावरूनही कळते.

अकबराच्या काळी तर पवनारचे वजन आणखी होते. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचे नाव आहे. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा भाग, खाली परगणे. म्हणजे आसपासच्या परगण्यांचा सारा पवनारच्या नावाने मांडला जाई! आज वर्धा तालुक्यातले एक गाव.

हे एका रात्रीत झाले नाही. अठराव्या शतकात भोसल्यांनी नागपूर राजधानी केली, मोठा व्यवहार तिकडे सरकला. 1862 साली इंग्रजांनी वर्धा जिल्हा वेगळा केला. ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, 1866 मध्ये पालकवाडीला नवे शहर आखले, तेच वर्धा. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, पण पवनारवरून नाही. कापसाच्या बंड्या स्टेशनाकडे वळल्या. कचेरीही गेली, बाजारही गेला. मग नदीच्या उताराला कोण विचारतो?

आता आपल्या कामाचे. गढीची, जुन्या रिठाची पांढरी माती वावरात टाकायची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि ती खुळी नाही. त्या मातीत राख, शेण, हाडे कुजलेली असतात, स्फुरद व चुना मिळतो. पण बंडीभर माती नेणे वेगळे अन् जेसीबी लावून ट्रॉल्या भरणे वेगळे. शेताला एका हंगामाचा लाभ होतो, पण गावाचा पुरावा कायमचा जातो. हे पवनारपुरते नाही. आपल्या जिल्ह्यात उजाड रिठे कमी नाहीत, आणि कित्येकांचा दाखला त्या मातीशिवाय कुठेच नाही.

शिवाय पांढरी सगळ्याच वावरांना मानवत नाही. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या. त्यात आणखी चुना घातला तर लोह, जस्त पिकाला मिळेनासे होते. आधी माती तपासून घ्या. तलावातला गाळ हा चांगला पर्याय आहे, 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आहे.

सरपंच, तलाठी, पोलीस पाटील मंडळींना एक सांगणे. माती उपशाला महसूल खात्याची परवानगी लागते, ती देताना जागा रिठाची आहे का हे आधी पाहा. नांगरताना नाणी, दागिना निघाला तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मूर्ती निघाली तर शेंदूर फासण्याआधी, जागेवरून न हलवता, तहसीलला खबर द्या. कोणत्या थरात, किती खोल सापडली, हेच अभ्यासकाला मूर्तीइतके मोलाचे असते.