हार्वेस्टर वाहून नेणारी ट्रॉली कशी निवडावी?

ओल्या बांधीत चाकांचे यंत्र रुतते, म्हणून धान कापण्यास रबरी पट्ट्यांवर चालणारे हार्वेस्टर सोयीचे पडते. परंतु तेच यंत्र डांबरी सडकेवर चालविले असता पट्टे लवकर झिजतात. यास्तव ते गावोगाव नेण्यास मजबूत ट्रॉली लागते. आमच्या बिरसीकडील जे शेतकरी बंधू सामाईकीत अशी ट्रॉली घेऊ इच्छितात, त्यांच्या विचारार्थ चार गोष्टी आम्ही येथे मांडतो.

प्रथम वजनाचा हिशेब करावा. हार्वेस्टर सुमारे ३ टनांचे व ट्रॉली सव्वा टनाची धरली, तर मागील भार सव्वाचार टन होतो. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मात्र सुमारे २ टनच असते. सपाटीवर तो हा भार ओढील. पण उतारावर दुप्पट वजन मागून रेटू लागले म्हणजे त्यास थांबवील कोण? सबब ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक असल्यावाचून ती घेऊच नये. ह्यात केलेली काटकसर चालकाच्या जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट तोलाची. बैलगाडी उलाळ झाली तर जू वर उचलते आणि धुरेवर जड झाली तर बैलांच्या माना दबतात, हे आपणांस ठाऊकच आहे. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच होय. एकूण भाराचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर यावा, अशा बेताने यंत्र उभे करावे. धान्याची टाकी आधी रिकामी करावी आणि चारही कोपरे साखळीने आवळावेत.

तिसरी गोष्ट चढणीची. ट्रॉलीचा तळ जितका ठेंगणा, तितका बरा. तळ ३ फूट उंच असल्यास चढविण्याच्या फळ्या निदान १२ फूट लांब असाव्यात. आखूड फळ्यांवर यंत्र मागे उलटण्याचे भय असते. टायरवर कोरलेली भारक्षमता वाचून पाहावी व मागे परावर्तक लावलेले असावेत.

शेवटची गोष्ट कागदांची. विक्रेत्याच्या तोंडच्या 'पाच टनां'वर विसंबू नये. त्यात ट्रॉलीचे वजन धरले आहे किंवा नाही, हे लेखी घ्यावे. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी करावी लागते. सामाईकीत कोणाचा किती वाटा आणि दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, हेही खरेदीपूर्वीच लिहून ठेवावे. हंगामाच्या ऐन घाईत उपजणारे पुष्कळ तंटे एवढ्याने टळतील.