अखंड विद्युत् पुरवठा साधन

अखंड विद्युत् पुरवठा साधन : मुख्य विद्युत् पुरवठा खंडित झाल्यास किंवा त्याचा दाब ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास संगणकासारख्या उपकरणास घटमालेतून तत्काळ शक्ती पुरविणारे साधन. व्यवहारात ते ‘यूपीएस’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. पुरवठा जाताच संगणकाच्या अस्थायी स्मृतीतील माहिती नष्ट होते आणि त्या क्षणी तबकडीवर लेखन चालू असल्यास आधी साठविलेल्या नोंदीही सदोष होऊ शकतात. संगणक दीर्घकाळ चालविणे हा लहान साधनाचा हेतू नसतो. हातातील काम साठवून संगणक रीतसर बंद करण्यापुरता अवधी मिळवून देणे हा त्याचा उपयोग होय. घटमाला महिनोन्‌महिने निष्क्रिय असते व तिचा कमकुवतपणा बाहेरून दिसत नाही. ऐन गरजेच्या वेळीच तो उघडकीस येतो. म्हणून नियमित देखभाल व चाचणी यांना विशेष महत्त्व आहे.

रचना व प्रकार : प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून घटमाला भारित करणारा एकदिशकारक, घटमाला, एकदिश प्रवाहाचे पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर आणि भार एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच हे साधनाचे मुख्य भाग होत. राखीव प्रकारात भार एरवी मुख्य पुरवठ्यावर चालतो व पुरवठा जाताच काही मिलिसेकंदांत इन्व्हर्टरवर नेला जातो. तेवढा खंड संगणकातील धारित्रांत साठलेली ऊर्जा भरून काढते. दुसऱ्या प्रकारात स्वयंरोहित्राच्या साहाय्याने कमीअधिक दाबाची दुरुस्ती घटमाला न वापरता होते. द्विरूपांतर प्रकारात भार सतत इन्व्हर्टरवर असल्याने मुळीच खंड पडत नाही; मात्र त्यात ऊर्जेचा व्यय व उष्णता अधिक असते.

घटमाला : लहान साधनांत बहुधा बंदिस्त शिसे-अम्ल घटमाला वापरतात. शिसे-अम्ल घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. बंदिस्त प्रकारात विद्युत् विच्छेद्य काचतंतूंच्या चटईत शोषलेले किंवा जेलीसारखे घट्ट केलेले असते. त्यामुळे त्यात पाणी घालावे लागत नाही व घालताही येत नाही. प्रत्येक घटाचा दाब सु. २ व्होल्ट असल्याने १२ व्होल्टच्या घटमालेत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. ती सतत भारित ठेवण्यासाठी २५° से. तापमानास सु. १३·५ ते १३·८ व्होल्ट दाब लागतो.

तिची धारणाशक्ती अँपिअर-तासांत सांगतात. पण हा आकडा सामान्यतः २० तासांच्या मंद निर्भारणासाठी असतो. उदा., ७ अँपिअर-तासांची १२ व्होल्टची घटमाला ०·३५ अँपिअर प्रवाह २० तास देते. २०० वॉट भारासाठी, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८०% धरल्यास, तिच्यातून सु. २१ अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो. साध्या भागाकाराने २० मिनिटे मिळावीत. परंतु जलद निर्भारणात उपलब्ध शक्ती बरीच घटत असल्याने प्रत्यक्षात त्याच्या निम्माच अवधी मिळतो.

देखभाल : उष्णता हा घटमालेचा मोठा शत्रू आहे. तापमान सु. ८° ते १०° से. वाढल्यास तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून साधन भिंतीला खेटून, उन्हात किंवा बंद कपाटात ठेवू नये. त्याच्या झरोक्यांवरील धूळ काढावी. घटमाला निर्भारित अवस्थेत पडून राहिल्यास पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात व धारणाशक्ती कायमची घटते. त्यामुळे पुरवठा परत येताच तिला पूर्ण भारित होऊ द्यावे आणि न वापरलेले साधनही काही महिन्यांच्या अंतराने भारित करावे. लेसर मुद्रक तापताना एकाएकी मोठा प्रवाह घेतो, म्हणून तो घटमालेच्या आधारावरील खोबणीत जोडू नये. भार मोजताना व्होल्ट-अँपिअर व वॉट या दोन्ही मर्यादा पाहाव्यात. ६०० व्होल्ट-अँपिअरचे साधन केवळ ३६० वॉटचेही असू शकते.

काही महिन्यांनी एकदा, सर्व काम साठवून, साधनाची अंगभूत चाचणी घ्यावी व मिळालेला अवधी तारखेसह नोंदवावा. धारणाशक्ती मूळच्या ८०% पेक्षा कमी झाल्यास घटमाला बदलणे इष्ट होय. एकसरीतील सर्व घटमाला एकाच वेळी बदलाव्यात. जुनी व नवी एकत्र जोडल्यास भारण असमान होते. शिसे-अम्ल घटमालेच्या जागी लिथियम घटमाला परस्पर बसवू नये, कारण तिची भारणपद्धती व संरक्षक मंडल वेगळे असते.

दोषनिदान : साधन सुरू होत नसल्यास प्रथम भिंतीवरील खोबणी, जोडतार व वितळतार तपासावी. मुख्य पुरवठा असताना ते वारंवार घटमालेवर जात असल्यास येणारा दाब कमी आहे किंवा जनित्राची कंप्रता अस्थिर आहे असे समजावे. पुरवठा जाताच ते बंद पडत असल्यास भार कमी करून पुन्हा पाहावे; तरीही दोष राहिल्यास घटमाला संशयास्पद ठरते. विश्रांत अवस्थेत १२·७ व्होल्ट वा अधिक दाब दाखविणारी घटमालाही भार देताच कोलमडू शकते, कारण जुनेपणामुळे तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. म्हणून दाब भाराखालीच मोजावा. पूर्ण भारणानंतरही दाब सु. १०·५ व्होल्टच राहिल्यास बहुधा एक घट निकामी झालेला असतो. नवी घटमाला घालूनही दोष टिकल्यास तो भारण मंडलात किंवा इन्व्हर्टरमध्ये असतो व दुरुस्ती तज्ञाकडे सोपवावी.

सुरक्षितता : भिंतीपासून वेगळे केल्यावरही साधनाच्या खोबण्यांत २३० व्होल्ट दाब असू शकतो. घटमाला बदलताना साधन बंद करावे, अंगावरील धातूचे दागिने काढावेत आणि अग्रे एकमेकांस जोडली जाणार नाहीत अशी काळजी घ्यावी. फुगलेली, गळणारी किंवा अतिशय तापलेली घटमाला पुन्हा भारित करू नये. भारणात हायड्रोजन वायू निर्माण होऊ शकत असल्याने खोली हवेशीर असावी. अम्ल त्वचेवर वा डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन वैद्यकीय मदत घ्यावी. शिसे विषारी असल्यामुळे निकामी घटमाला कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ च्या घटमाला-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती पुनर्चक्रणासाठी परत द्यावयाची असते.