कासवाच्या फुटलेल्या पाठीचा उपचार

विहिरींचा गाळ काढण्याचे दिवस आले म्हणजे कुदळीचा घाव कासवास लागल्याची वार्ता एकदां तरी कानीं येतेच. गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच विहिरींत हा प्रकार घडला. पाठीस बोटभर चीर पडली. गड्यानें दयेनें ती चुन्यानें लिंपली, व आम्हीही त्यास “बरें केलेंस” म्हणालों. आठव्या दिवशीं लेप सुटला तो आंत पू व किडे. तें कासव वांचलें नाहीं.

कासवाची पाठ म्हणजे निर्जीव टरफल, हा समज मुळांतच चुकीचा आहे. तें जिवंत हाड होय. कणा व बरगड्या त्यांतच सांधलेल्या असतात. त्यांत रक्त खेळतें, घाव लागल्यास वेदनाही होतात. आपल्या विहिरींतील मऊ पाठीच्या कासवांत तर हाडावर शिंगासारखे पत्रे नसून केवळ कातडी असते. फुप्फुसें पाठीस लागूनच असल्यामुळें लहान दिसणारी चीरही जीवघेणी ठरूं शकते. तींत चुना, शेण, हळद वा रॉकेल घातल्यानें घाण आंत कोंडते, इतकेंच.

मग करावें काय? उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यांत नऊ ग्रॅम मीठ घालून व्रण हलक्या हातानें धुवावा व स्वच्छ कापडानें झांकावा, म्हणजे माशा बसणार नाहींत. कासव पुनः पाण्यांत सोडूं नये. खालीं ओलसर फडका घालून भोकें पाडलेल्या खोक्यांत, सावलींत ठेवावें. खाऊं घालण्याची घाई नको. तोंडाजवळ बोट नेऊं नये. चावा कडकडून बसतो.

पुढील काम पशुवैद्याचें. क्ष-किरणांनीं हाड तपासून तो वेदनाशामक व जंतुनाशक औषधें देतो. व्रण निर्मळ झाल्यावर तारेनें वा पट्ट्यांनीं तुकडे जुळवितो. चीर सरसकट राळेनें बुजविण्याची जुनी रीत आतां मागें पडली आहे, कारण तिचा परिणाम आमच्या चुन्यासारखाच होई. हाड सांधण्यास कित्येक महिने, क्वचित् वर्षाहूनही अधिक काळ लागतो.

तोंवर कासव घरीं ठेवण्याचा मोह मात्र नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे. (कचेरींत जन्म गेलेल्या आम्हांस कलमाची आठवण आधीं होते!) वनखात्यास 1926 या क्रमांकावर त्वरित कळवावें. आणि कासव निश्चेष्ट दिसलें म्हणून पुरण्याची घाई करूं नये. त्याचें हृदय इतकें मंद चालतें कीं, मेलें कीं जिवंत हें पशुवैद्यानेंच ठरवावें.