आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्धी

मुष्टियुद्धाचीं वृत्तें आवडीनें वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट कोड्यासारखी वाटते. एखादा वीर आपल्या वजनाच्या गटांत अजिंक्य ठरलेला असतो. मोठी लढत कांहीं महिन्यांवर आलेली असते. आणि अशा वेळीं तो मध्येंच एक लहानशी सरावाची झुंज पत्करतो, तीही आपल्याहून जड गटांत! जिंकला तर त्याच्या पदांत भर पडत नाहीं. हरला तर नांव मात्र जातें. मग हा खटाटोप कशासाठीं? हा प्रश्न केवळ मुष्टियुद्धापुरता नाहीं, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वजनाचे गट कां पाडतात तें पाहूं. आघाताचा जोर वस्तुमान व वेग या दोहोंवर अवलंबून असतो, हें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत आपण शिकतों. दोन योद्धे सारख्याच चपळाईचे असले, तर ज्याच्या ठोशामागें अधिक वजन आहे त्याचाच ठोसा भारी पडावयाचा. शिवाय जड मनुष्यास ढकलणें कठीण, व तो अंगावर रेलला असतां त्याचा भार सोसणें त्याहून कठीण. आपल्याकडील आखाड्यांत वस्ताद नुसत्या नजरेनें जोड ठरवीत. तेंच काम मुष्टियुद्धांत तराजू करतो. व्यावसायिक मुष्टियुद्धांत आज असे अनेक गट आहेत. त्यांतील फ्लायवेट गटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे सुमारें ५१ किलो. आणि सर्वांत वरच्या हेवीवेट गटास वरची मर्यादाच नाहीं.

आतां सरावाच्या झुंजीकडे वळूं. तिचे हेतु मुख्यतः तीन. पहिला असा कीं, बरेच महिने स्वस्थ बसलेल्या योद्ध्याचे डोळे, पाय व दम हे केवळ तालमीनें पूर्ववत् होत नाहींत. खरा प्रतिस्पर्धी समोर उभा राहिल्यावरच ते जागे होतात. दुसरा असा कीं, आपल्या गटाच्या मर्यादेंत बसण्याकरितां पुष्कळ योद्धे लढतीपूर्वीं उपासमार करतात व अंगांतील पाणी घटवितात. वरच्या गटांत लढल्यास ही ओढाताण करावी लागत नाहीं. तिसरा हेतु व्यवहाराचा आहे. अजिंक्यपद हें ठराविक गटाचें असतें. म्हणून त्या गटाबाहेरील लढतींत तें पणाला लागत नाहीं.

पद पणाला लागत नसलें तरी देह व कीर्ति हीं लागतातच. मिड्लवेट गटाचा विजेता स्टॅन्ली केचेल हा १६ ऑक्टोबर १९०९ रोजीं हेवीवेट विजेत्या जॅक जॉन्सनशीं भिडला. बाराव्या फेरींत त्यानें जॉन्सनला खालीं पाडलें देखील. परंतु जॉन्सन उठला आणि त्याच फेरींत केचेल निश्चेष्ट होऊन पडला. दुसरें उदाहरण जो लुई याचें. १९३६ सालच्या जून महिन्यांत, अजिंक्यपदाच्या वाटेवरील एक पायरी समजून तो माजी विजेता मॅक्स श्मेलिंग याच्यासमोर उभा राहिला, आणि बाराव्या फेरींत पराभूत झाला. येथें वजनाचा प्रश्न नव्हता. लढत सोपी मानण्याचा होता. लुईनें मात्र तो धडा मनांत ठेविला. १९३७ सालीं तो अजिंक्य झाला व १९३८ सालीं त्यानें श्मेलिंगला पहिल्याच फेरींत गारद केलें.

वरच्या वजनांत जाऊन यश मिळविल्याचें आपल्या घरचें उदाहरण मुष्टियुद्धांतील नसून कुस्तींतील आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा दादासाहेब जाधव हे १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत ५२ किलोंच्या गटांत उतरले. मातींत वाढलेल्या त्या मल्लास गादीवरील कुस्ती नवीन होती. तरी त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. पुढें चार वर्षें त्यांनीं मेहनत केली व १९५२ सालीं हेलसिंकी येथें ते ५७ किलोंच्या गटांत लढले. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या विश्वासाचें चीज झालें. खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें, आणि स्वतंत्र भारतास वैयक्तिक स्पर्धेंतील पहिलें ऑलिंपिक पदक लाभलें.

मुष्टियुद्धांतील असेंच उदाहरण मणिपूरच्या मेरी कोम यांचें. २०१० सालापर्यंत त्या पांच वेळां जगज्जेत्या झाल्या होत्या, त्या सर्व वेळां ४८ किलो किंवा त्याहून हलक्या गटांत. परंतु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्त्रियांसाठीं ५१, ६० व ७५ किलो असे तीनच गट होते. म्हणजे ५१ किलोंच्या गटांत उतरणें अथवा घरीं राहणें, एवढेच दोन मार्ग उरले. त्यांनीं पहिला मार्ग धरला. २०१० सालच्या आशियाई खेळांत त्या या जड गटांत लढून पाहिल्या व कांस्यपदक घेऊन परतल्या. पुढें लंडन येथेंही त्यांनीं कांस्यपदक मिळविलें, आणि २०१४ सालीं आशियाई खेळांत त्याच गटाचें सुवर्णपदक जिंकलें.

पवित्र शास्त्रांतील दावीदाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. परंतु गल्याथासमोर जाण्यापूर्वीं त्यानें मेंढरें राखतांना सिंह व अस्वल यांच्याशीं झुंज घेतली होती, आणि शौल राजाचें चिलखत सराव नाहीं म्हणून उतरवून ठेविलें होतें, याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. त्याच्या धैर्यामागें श्रद्धा होती, तसा सरावही होता.

लोहाऱ्याच्या आमच्या मुलांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, आपल्याहून बलवानाशीं गांठ घालण्यांत कमीपणा नाहीं. परंतु ती गांठ वस्तादाच्या देखरेखीखालीं, योग्य वेळीं व पूर्ण तयारीनिशीं घालावी. वाढत्या वयांत वजन उतरविण्यासाठीं उपाशी राहणें किंवा पाणी तोडणें हें शौर्य नव्हे, तो शरीराचा घात होय. पालकांनीं याविषयीं अवश्य जागरूक असावें. त्याचबरोबर, मुलगा जड जोडीसमोर हरून घरीं आला तर त्यास रागें भरूं नये. त्या झुंजींत तो काय शिकला, हें त्यास प्रेमानें विचारावें. सरावाची लढत असते ती त्यासाठींच.