पाखरांची शिरगणती : मावळच्या पाण्यावर वर्षातून एक सकाळ

पक्षी मोजणे हा पोट भरलेल्या माणसांचा छंद आहे, असे आपल्या वस्त्यांतून सर्रास म्हटले जाते. गळ्यात लांब नळीचा महागडा कॅमेरा, डोक्यावर हॅट आणि दारात मोटार, असे काहीसे चित्र डोळ्यांपुढे येते. ते अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दर वर्षी हिवाळ्यात पक्ष्यांची जी मोजणी होते, तिला मोटार लागत नाही आणि लांब नळीचा कॅमेराही लागत नाही. दोन डोळे, एक वही, एक पेन्सिल आणि पाहिले तेवढेच लिहिण्याची सवय, एवढ्यावर ती चालते. घरात साधा मोबाईल असेल तर त्याचाही चांगला उपयोग होतो. पुणे-लोणावळा लोकलने जाता येईल अशा मावळात हे काम आपली कुटुंबे सहज करू शकतात. ते का करावे आणि कसे करावे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

बंदुकीऐवजी वही

या मोजणीचा जन्म अमेरिकेत झाला. तिकडे नाताळच्या दिवशी दोन बाजू पाडून शिकारीला जाण्याची रीत होती. संध्याकाळी ज्यांच्या ढिगात मेलेली पाखरे जास्त, ते जिंकले! फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाला हे पटेना. १९०० साली त्याने सुचविले की, या नाताळला पक्षी मारू नका, मोजा. त्या दिवशी २५ ठिकाणी मिळून २७ माणसांनी पक्षी मोजले. तेव्हा सुरू झालेली ती मोजणी सव्वाशे वर्षांनंतर आजही चालू आहे.

आपल्या मुलांना सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट ठाऊक आहे. बाण लागून पडलेले पाखरू कोणाचे, मारणाऱ्याचे की वाचविणाऱ्याचे, हा वाद पंचांपुढे गेला आणि निकाल वाचविणाऱ्याच्या बाजूने लागला. चॅपमनने ही गोष्ट ऐकली होती की नाही हा प्रश्न वेगळा. पण त्याने जे केले ते याच निकालाच्या वाटेचे होते.

आपल्या देशात पाणपक्ष्यांची मोजणी १९८७ सालापासून होते. दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियातील अनेक देशांत एकाच सुमारास तळी, नद्या, धरणे आणि खाड्यांवरचे पक्षी मोजले जातात. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही या कामातली आपल्याकडची जुनी संस्था. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची आणखी एक मोजणी होते. तिच्यात २०१३ पासून भारतातील लोक भाग घेत आहेत. तिला धरणच पाहिजे असे नाही. चाळीच्या गॅलरीत उभे राहून पंधरा मिनिटे दिसलेले कावळे-चिमण्या लिहिल्या तरी ती नोंद धरली जाते.

मावळचे पाणी

लोणावळ्याला आपण धबधबे पाहायला जातो, चिक्की घेऊन परत येतो. मात्र मावळातील बहुतेक मोठे पाणी माणसाने अडविलेले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. लोणावळा, वळवण आणि शिरोता हे तीन तलाव टाटांच्या वीज कंपनीने बांधले. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ साली वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी ज्या साच्यांवर पाळ्या केल्या, त्यांना फिरविणारी ताकद या पाण्यातून आलेली होती. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या कुशीतले पवना धरण १९७२ साली पुरे झाले. पिंपरी-चिंचवडची तहान आज त्याच्यावर भागते. त्या पाण्याखाली शेतकऱ्यांची घरे आणि शेते गेली, हेही विसरता कामा नये.

ही धरणे पाखरांसाठी बांधलेली नव्हती. पण पाणी साठले, मासे-शेवाळ झाले, काठावर चिखल झाला आणि पाखरे आपण होऊन आली. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी, ज्याला काही भागांत चांदवा म्हणतात. काळी चोच आणि तिच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू लावल्यासारखे दोन ठिपके असलेले हळदी-कुंकू बदक. सारखी बुडी मारणारी टिबुकली. पंख पसरून उन्हात वाळवीत बसणारा पाणकावळा. काठाने शेपूट हलवीत पळणारा धोबी. यातला पांढरा धोबी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून हिवाळ्यापुरता येतो.

उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागले की बुडालेल्या टेकड्यांचे माथे बेटासारखे वर येतात. अशी बेटे पक्ष्यांच्या दृष्टीने फार मोलाची. चोहीकडून पाणी असल्याने कुत्री, मुंगूस आणि माणूस तेथवर सहजी पोहोचत नाहीत. टिटवी आणि नदी सुरय ही पाखरे झाडावर घरटे बांधीत नाहीत. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाचीच अंडी घालतात. नावेतून हौसेने अशा बेटावर उतरलेल्या माणसाच्या पायाखाली आख्खे घरटे जाते आणि त्याला कळतही नाही. म्हणून बेटाभोवतीचे पक्षी काठावरूनच मोजायचे, बेटावर पाय ठेवायचा नाही, हा पहिला नियम.

तांबट, शिंपी, सुतार, धोबी

पक्ष्यांची मराठी नावे एकदा शांतपणे वाचून पाहावीत. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक-टुक आवाज काढणारा तो तांबट. पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी. खोडावर चोचीने ठोके घालणारा सुतार. पाण्याकाठचा धोबी. ससाण्या-घारींना हुसकून लावणारा कोतवाल. विणकाम करणारी सुगरण. ही नावे मोठ्या ग्रंथांतून खाली आलेली नाहीत. शेतात राबणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या माणसांनी आपल्या भोवतालचे कष्टकरी पाहून पाखरांना ती दिली. अरण्यात आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्षीकोश तयार केला, तेव्हा रानातल्या माणसांच्या तोंडचे असे शब्द त्यांनी आदराने टिपून घेतले. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

तेव्हा पक्षीज्ञान हे दुसऱ्या कोणाचे आहे आणि आपण ते उसने घ्यायचे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. पाहणारे डोळे आपल्या माणसांचे होतेच. उणीव होती ती लिहून ठेवण्याची.

गिधाडांचा धडा

लिहून न ठेवल्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. गावाबाहेर मेलेले गुरू टाकले की आभाळातून गिधाडांचे थवे उतरत. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले होते, त्या आपल्या आजोबा-पणजोबांनी गिधाडे जितकी जवळून पाहिली तितकी क्वचितच कोणी पाहिली असतील. डॉ. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी ते काम टाकले, ते योग्यच केले. पण त्यांनी जे पाहिले होते ते त्यांना कोणी विचारले नाही आणि ते कोठे नोंदलेही गेले नाही.

पुढे १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत देशातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गावोगावी लोक म्हणत, ‘हल्ली गिधाडे दिसत नाहीत.’ पण ‘दिसत नाहीत’ हा पुरावा होत नाही. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडांची घरटी आधी मोजलेली होती. काही वर्षांनी त्यांनी ती त्याच जागी पुन्हा मोजली आणि घट आकड्यांनी सिद्ध झाली. मग कारणाचा शोध सुरू झाला. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली पुढे आले. २००६ साली भारतात गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आधीचा आकडा नसता तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहिला नसता.

ज्याची नोंद नाही तो नव्हताच, असे जग धरून चालते. हे माणसांच्या बाबतीत आपण पुरेपूर भोगले आहे. पाखरांची गोष्ट निराळी नाही.

सामान्य माणसांच्या नोंदींना किंमत असते काय, असे कोणी विचारील. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर मोठा अहवाल निघाला. सुमारे ३० हजार लोकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. ज्या ३३८ जातींचा लांब मुदतीचा कल समजू शकला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्याचे दिसले. मोर आणि कोकीळ यांच्यासारखे काही पक्षी वाढलेही आहेत. हे सारे कळले ते त्या हजारो लोकांनी लिहून ठेवले म्हणून. त्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते, नोकरदार होते.

फोटो कशासाठी?

फोटो भिंतीवर लावण्यासाठी असतो तसा साक्षीसाठीही असतो. मोजणीत त्याचे काम साक्षीदाराचे. त्याचे तीन उपयोग आहेत.

एक, ओळख पटविणे. पांढरे बगळे लांबून सारखेच दिसतात. लहान बगळ्याची चोच काळी आणि पावले पिवळी, गाय बगळ्याची चोच पिवळी. फोटो मोठा करून पाहिला की शंका फिटते. दोन, थवा मोजणे. पाण्यावर बसलेल्या थव्याचा फोटो घ्यावा, घरी येऊन एकेका पक्ष्यावर ठिपका देत मोजावे. शाळेतली मुले हे काम मोठ्यांपेक्षा चिकाटीने करतात. तीन, पुरावा. सहसा न दिसणारा पक्षी दिसला किंवा आकडा फार मोठा निघाला, तर नोंदी तपासणारे जाणकार फोटो मागतात. तो अस्पष्ट असला तरी चालतो, खरा असला पाहिजे. दुर्बिणीच्या काचेला मोबाईल लावून काढलेला फोटोही पुरतो.

फोटोसाठी पाखराला उडवू नये. हजारो मैल उडून आलेला पक्षी येथे पोट भरून ताकद जमविण्यासाठी थांबलेला असतो. आपण दहा वेळा त्याला उठविले तर त्याचे खाणे बुडते. घरट्याचा फोटो तर काढूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी मारणे, पकडणे किंवा त्यांची अंडी उचलणे हा गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.

आणि स्वतःचा जीव सांभाळावा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला. हिवाळ्यात पाणी शांत दिसते, तरी काठ निसरडे असतात. मुलांना पाण्याजवळ एकटे सोडू नये.

एका सकाळचे काम

जागा एकच ठरवावी आणि दर वर्षी तीच ठेवावी. धरणाची भिंत आणि आसपासची जमीन कंपनीच्या किंवा सरकारच्या ताब्यात असते. परवानगीवाचून आत शिरू नये. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारे पाणी, इंद्रायणीचा काठ, गावचे तळे, काहीही चालेल. मळवलीला उतरून कार्ले-भाजे लेण्यांकडे आपली कुटुंबे जातातच. तेथील कातळावर घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या आणि वाटेतल्या शेतातली पाखरे मोजावीत. पवनेकडे जाणाऱ्यांनी कामशेतला उतरावे. लोकलचे तिकीट चहा-वड्याच्या पैशात बसते.

सकाळी लवकर पोहोचावे. वहीत आधी तारीख, जागा, सुरू केल्याची वेळ आणि किती जण आहोत हे लिहावे. एकाने पाहावे, एकाने लिहावे. थवा मोठा असला तर प्रथम दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हे नजरेत धरावे आणि तसे किती गट होतात ते पाहावे. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच, पाय आणि आकार लिहून ठेवावा, अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. काठावर तंबू पडले होते काय, कर्णा वाजत होता काय, प्लॅस्टिक किती होते, हेही लिहावे. शेवटी संपविल्याची वेळ टाकावी. ‘ई-बर्ड’ या मोफत सोयीवर ही यादी मोबाईलवरून भरता येते. घरातील कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा ते दहा मिनिटांत करील.

गेल्या वर्षी शंभर वारकरी होते आणि यंदा एकही नाही, असे झाले तर ‘शून्य’ लिहायला कचरू नये. असे शून्य दहा सुंदर फोटोंपेक्षा जास्त बोलते.

प्रत्येक वस्तीतल्या वाचनालयाने यासाठी एक जाडजूड वही घालावी, असे आम्हाला वाटते. पहिल्या वर्षी तिच्यात चार पाने भरतील. वीस वर्षांनी आज चौथीत असलेली मुले ती वही उघडतील, तेव्हा मावळच्या पाण्यावर काय होते आणि काय उरले हे सांगणारा कागद त्यांच्याच घरच्यांच्या हस्ताक्षरात असेल. येत्या जानेवारीतला एक रविवार त्यासाठी आजच राखून ठेवावा.