खोबरेल गोठते, जवस वाळते

डिसेंबर-जानेवारीत आमच्या वाशिमला सकाळी खोबरेलाची बाटली गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवावी लागते. आतले तेल गोठून पांढरे झालेले असते. त्याच फळीवरचे करडईचे तेल मात्र पातळच असते. दोन्ही तेले वनस्पतींचीच. मग हा फरक का? याचे उत्तर कळले, की केसांना कोणते तेल लावावे आणि त्वचेला कोणते, हेही बरेचसे उलगडते.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. खोबरेलातील बहुतेक साखळ्या सरळ, म्हणजे संपृक्त असतात. आगपेटीतल्या काड्यांप्रमाणे त्या एकमेकींना लागून नीट बसतात. म्हणून तापमान २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की खोबरेल गोठू लागते. करडईच्या तेलातील बहुतेक साखळ्यांत काही कार्बन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात आणि तेथे साखळी वाकते. वाकड्या काड्या पेटीत नीट रचता येतील का? नाही! म्हणूनच हे तेल थंडीतही पातळ राहते.

दुहेरी बंध किती आहेत, हे आयोडीन सांगते, कारण ते या बंधांशी संयोग पावते. १०० ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन घेते, तो त्या तेलाचा आयोडीन अंक. खोबरेलाचा अंक सुमारे ८, तिळाच्या तेलाचा ११०, करडईचा १४० आणि जवसाचा १८० असतो. अंक जसा वाढतो, तसे हवेतील ऑक्सिजनशी तेलाचा संयोग होणेही साधारणपणे सोपे होते. त्यामुळेच जवसाचे तेल हवेत वाळते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. लाकडाच्या रंगात हा गुण उपयोगी पडतो. डोक्यावर मात्र त्याने केस चिकट होतील.

आता केसांकडे वळू. केस प्रथिनाचा बनलेला असतो. तो भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. शिवाय धुताना आणि विंचरताना झिजतो. २००३ साली मुंबईच्या दोन संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून निघून जाणारे प्रथिन या तिघांपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी झाले. खोबरेलातील जवळजवळ निम्मे मेदाम्ल लॉरिक आम्ल असते. त्याची साखळी १२ कार्बन अणूंची, म्हणजे आखूड आणि सरळ. त्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरू शकते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीत झाले होते, म्हणून ते इतरांनीही पडताळून पाहणे महत्त्वाचे. आणि झीज कमी होणे म्हणजे नवे केस उगवणे नव्हे.

त्वचेची गोष्ट वेगळी आहे. तेल त्वचेला पाणी देत नाही; आतले पाणी उडून जाण्यास अडथळा करते. त्वचेचा हा अडथळा घडवायला शरीराला लिनोलिक आम्ल लागते, आणि ते सूर्यफूल व नेहमीच्या करडईच्या तेलात भरपूर असते. ढाक्याच्या एका रुग्णालयात ३३ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने हलके मालिश केले गेले. रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग त्यांच्यात ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पण तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एका विशिष्ट तेलाचा होता. त्यावरून करडईचा निकाल आपण परस्पर लावायचा नाही, आणि घरातल्या तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांनाच विचारायचे.

तेव्हा बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिले आहे, एवढे पुरेसे नाही. जवसही नैसर्गिकच आहे! नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ आल्यास ते वापरू नये.

शेवटी एक प्रयोग. चार काचपट्ट्यांवर खोबरेल, तीळ, करडई आणि जवस यांच्या तेलाचा एकेक थेंब पातळ पसरा. पट्ट्यांवर नावे लिहा आणि धूळ बसणार नाही अशा उजेडाच्या जागी त्या तीन आठवडे ठेवा. दर दोन दिवसांनी काडीने स्पर्श करून नोंद करा. कोणते तेल आधी चिकट झाले? तुमचा क्रम आयोडीन अंकांच्या क्रमाशी जुळतो का, ते पाहा.